पाठ केलेली ग्रामसभा

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात, हे वाक्य मी सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेसाठी सहा वर्षे पाठ केले. पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत भाड्याच्या खुर्चीवर बसून पंचायत राज हा घटक मी इतक्या वेळा वाचला होता की, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती कधी अमलात आली असे कोणी झोपेतून उठवून विचारले असते, तरी २४ एप्रिल १९९३ हे उत्तर माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले असते. दोन मुख्य परीक्षा दिल्या, एक मुलाखत दिली आणि तिन्ही वेळा यादीत नाव आले नाही. २०१९ च्या जुलैमध्ये गाशा गुंडाळून मी परभणी जिल्ह्यातल्या माझ्या गावी परतलो तेव्हा माझे वय तीस होते. त्या तीस वर्षांत मी माझ्या गावच्या ग्रामसभेला एकदाही गेलो नव्हतो.

त्या वर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपल्यावर शाळेच्या पटांगणातून बहुतेक लोक घराकडे निघाले आणि त्यांतले जेमतेम चाळीसेक जण मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात येऊन बसले. मीही बसलो, कारण घरी करण्यासारखे काही नव्हते. आमच्या गावात एकोणीसशेच्या आसपास मतदार आहेत, म्हणजे गणपूर्तीला शंभर माणूस हवे. ग्रामपंचायतीचा शिपाई हजेरीचे रजिस्टर काखेत मारून गल्लीगल्लीत सह्या आणायला गेलेला होता, आणि हे दर वेळचेच आहे असे शेजारी बसलेल्या काकांनी मला सहज सांगितले. सभामंडपात बाया तर दोनच होत्या, त्याही सदस्य होत्या म्हणून. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते हेसुद्धा मला पाठ होते. ती कधी झाली, असे विचारण्याचे धैर्य मात्र त्या दिवशी झाले नाही.

विषयपत्रिकेवरचे विषय भराभर पुढे सरकत होते. मध्येच मागच्या खांबाजवळ बसलेला एक जण उभा राहिला. तो माझा दहावीपर्यंतचा वर्गमित्र. गावाच्या टाकीत पाणी चढवणे आणि ठरलेल्या वेळी एकेका गल्लीचा वॉल्व्ह उघडणे हे त्याचे काम. तो म्हणाला, "साहेब, सात महिने झाले, पगार नाही. पहाटे पाचला उठून मी गावाला पाणी सोडतो. माझ्या घरात चूल कशी पेटायची ते एकदा गावानेच सांगावं." सभामंडप शांत झाला. ग्रामसेवक रागावले नाहीत. त्यांनी एक फाईल उघडली आणि म्हणाले, "घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली तीस टक्क्यांच्या आत आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" मग त्यांनी थकबाकीदारांची यादी वाचायला सुरुवात केली. अकरावे नाव माझ्या वडिलांचे होते आणि पुढे रक्कम होती ४,३८० रुपये.

माझे वडील कोणाचा पैसा बुडवणारे गृहस्थ नाहीत. कृषी सेवा केंद्राची बियाण्याची उधारी ते दिवाळीपूर्वी फेडतात, सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर नवे-जुने करून घेतात, आणि मी पुण्यात असताना महिन्याच्या पाच तारखेला सात हजार रुपये माझ्या खात्यात जमा करण्यात त्यांनी कधी एका दिवसाचाही उशीर केला नाही. संध्याकाळी मी त्यांना पाणीपट्टीचे विचारले तेव्हा ते खरोखरच चकित झाले. "ते सरकारचं असतं," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या लेखी सरकारचे म्हणजे ज्याची घाई नाही असे. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नव्हता, कारण ज्या सात हजारांनी माझी खुर्ची, मेस आणि पुस्तके चालली, त्यातल्या एका महिन्याच्या रकमेतही ती सगळी थकबाकी भागून वर काही उरले असते. मी सहा वर्षे एका सरकारी पगाराची वाट पाहत होतो आणि त्याच सहा वर्षांत माझ्याच घरामुळे, अंशतः का होईना, माझ्या वर्गमित्राचा सार्वजनिक पगार थकत होता. दुसऱ्या दिवशी पैसे भरून पावती घेतली. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे.

ही गोष्ट मी इतकी तपशिलात सांगतो, कारण तरुणांचा रोजगार आणि नागरिकाची जबाबदारी हे दोन विषय आपण नेहमी वेगवेगळ्या ताटांत वाढून घेतो. रोजगार द्यायचा तो सरकारने आणि जबाबदारी म्हणजे मतदान, स्वच्छता अभियान आणि वाहतुकीचे नियम, अशी आपली ढोबळ वाटणी असते. गावपातळीवर ती वाटणी टिकत नाही. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या किमान वेतनातला आपला हिस्सासुद्धा राज्य शासनाने पुढे करवसुलीच्या प्रमाणाशी जोडला; कर्मचारी संघटनांचा या अटीला विरोध आहे आणि तो मला न्याय्य वाटतो, कारण लोकांनी कर भरला नाही याची शिक्षा पाणी सोडणाऱ्याला का व्हावी? पण अट उद्या रद्द झाली तरी शेजाऱ्याच्या चुलीचा माझ्या पाणीपट्टीशी असलेला संबंध काही रद्द होत नाही.

आता थोडे वाट पाहण्याविषयी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगाराविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २०२२ सालचे आकडे असे आहेत: लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. पहिल्यांदा वाचताना हा आकडा उलटा छापला आहे की काय असे वाटते. शिकलेल्याला काम नाही आणि न शिकलेल्याला आहे, असा याचा अर्थ नव्हे. न शिकलेल्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या गाडीत बसून ऊसतोडीला किंवा बांधकामावर जातो आणि आकडेवारीत काम असलेला म्हणून नोंदला जातो. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या मागे तीन एकर कोरडवाहू जमीन, आईची मजुरी आणि घरादाराची आशा उभी असते. त्याचे थांबणे हे अख्ख्या कुटुंबाने पदरमोड करून केलेली गुंतवणूक असते. तो आळशी आहे असे म्हणणाऱ्यांनी पहाटे सहाला अभ्यासिकेबाहेर लागलेल्या चपलांची रांग एकदा पाहावी.

गावी आल्यावर वर्षभराने मी तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र सुरू केले. दाखले, सातबारे, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि भरतीचे फॉर्म हाच आता माझा धंदा आहे. जून-जुलै २०२३ मध्ये तलाठी भरतीचे अर्ज सुटले तेव्हा दुकानासमोर सकाळी सातपासून मुले उभी असत. खुल्या प्रवर्गाला एक हजार रुपये आणि राखीव प्रवर्गाला नऊशे रुपये शुल्क होते. एका मुलाने रुमालात बांधून आणलेले पैसे टेबलावर सोडले, त्यात पन्नासाच्या आणि वीसाच्या नोटा होत्या, आणि त्यांना खुरपणीच्या रानातल्या ओल्या मातीचा वास येत होता. आईची तीन-साडेतीन दिवसांची मजुरी त्या एका अर्जात गेली. राज्यभरात ४,६४४ पदे होती आणि अर्ज आले होते दहा लाखांहून जास्त. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. दुकानदार म्हणून मला प्रत्येक अर्जामागे चार पैसे मिळत होते, हे मी लपवत नाही; पण रात्री हिशेब लावताना शंभर मुलांतल्या नव्व्याण्णवांची निराशा मी स्वतःच्या हाताने अपलोड केली, ही बोचणी त्या पैशांसोबत घरी येत असे.

या मुलांना जबाबदारी शिकवायला निघालेल्या वक्त्यांची आपल्याकडे उणीव नाही. म्हणून आधी शासनाच्या जबाबदारीविषयी स्पष्टपणे बोलले पाहिजे. जिल्हा परिषदांच्या गट क पदांची भरती मार्च २०१९ मध्ये जाहीर झाली, मुलांनी पैसे भरले, आणि परीक्षा न होताच ती रद्द झाली. नवी जाहिरात यायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला. मधल्या चार वर्षांत किती जणांची वयोमर्यादा उलटली असेल, त्याचा हिशेब कोणत्याही फाईलमध्ये नाही. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा ऐन वेळी रद्द करावी लागली आणि शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहारही उघडकीला आला. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यात मुले शास्त्री रस्त्यावर उतरली होती. त्या रात्री माझ्या जुन्या खोलीतल्या मित्राचा फोन आला, तो नुसता रडत होता आणि मला त्याला काय सांगावे ते सुचत नव्हते. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध राज्याने २०२४ मध्ये कायदा केला हे चांगलेच झाले. पण रिक्त पद वेळेवर भरणे, परीक्षेचे वेळापत्रक पाळणे, रद्द झालेल्या परीक्षेचे पैसे न मागता परत करणे, या गोष्टींना नवा कायदा लागत नाही. दिलेला शब्द पाळणे एवढेच त्यासाठी लागते.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांना ग्रामपंचायती, शाळा आणि तहसील कार्यालयांत सहा महिन्यांसाठी नेमणुका मिळाल्या. बारावीवाल्याला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. आमच्या ग्रामपंचायतीत आलेल्या मुलीने जन्म-मृत्यूच्या नोंदी इतक्या नीट लावल्या की, लोक ग्रामसेवकाऐवजी तिलाच विचारू लागले. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली आणि एके दिवशी संपली. ती आता घरी आहे आणि नोंदी पुन्हा तुंबू लागल्या आहेत. काम गावात शिल्लक आहे आणि ते करणारी तरबेज मुलगीही गावातच आहे. या दोघांना जोडणारी जी तरतूद हवी, तिला सहा महिन्यांचे प्रशिक्षण म्हणत राहिल्याने प्रश्न सुटत नाही.

दुसरीकडे, वाट पाहून थकलेल्या मुलांचा जो उपयोग आपल्याकडे करून घेतला जातो त्याविषयी मला सर्वांत जास्त चीड आहे. गावाच्या वेशीवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, खाली पन्नास मुलांचे पासपोर्टएवढे फोटो असतात आणि त्या फोटोवाल्यांना आपण सार्वजनिक जीवनात आहोत असे वाटते. मोर्चा असला की गाडी, डिझेल आणि जेवण मिळते. रास्ता रोकोत गुन्हा दाखल होतो तो मात्र गाडी पाठवणाऱ्यावर क्वचितच होतो. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय शासन वेळोवेळी काढत असते, पण तो निर्णय समिती, जिल्हाधिकारी आणि न्यायालय असा प्रवास करून येईपर्यंत मुलाची पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी येऊन ठेपलेली असते. अशा दोन मुलांची कागदपत्रे माझ्या दुकानात आली होती. दोघेही धावण्यात तालुक्यात पहिले येणारे. आंदोलन करू नका असे मी कोणाला सांगणार नाही, तो नागरिकाचा हक्कच आहे. पण ज्या मागणीचा कागद आपण स्वतः वाचलेला नाही, तिच्यासाठी आपल्या नावावर गुन्हा घेऊ नका, एवढे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

मग जबाबदारी म्हणजे नेमके काय, याचे मला सापडलेले उत्तर माझ्या आजीच्या पाझर तलावापाशी आहे.

१९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली. तेव्हा ती पंचविशीत होती आणि धाकटे चुलते तिच्या पाठीला बांधलेले असत. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव ती शेवटपर्यंत सांगायची. गावाच्या वरच्या अंगाला जो पाझर तलाव आहे त्याच्या पाळूवर तिने माती टाकली आणि म्हणून आमच्या घरात तो तलाव "आईचा तलाव" याच नावाने ओळखला जातो. तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून झालेल्या प्रयोगातून जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिची महाराष्ट्रभर परीक्षा झाली ती याच दुष्काळात. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणे हे सरकारवर कायद्याने बंधनकारक करणारे हे देशातले पहिले राज्य. त्यासाठीचा पैसा शहरातल्या पगारदारांकडून आला. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच बसवला गेला. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मित्रांच्या पगारपत्रकावर आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची जी कपात दिसते, ती कशासाठी सुरू झाली हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांपैकी एकालाही ते माहीत नव्हते. एका न पाहिलेल्या गावातल्या बाईच्या हाताला काम मिळावे म्हणून शहरातला कारकून दरमहा पैसे देतो, याहून नागरिकत्वाची मोठी व्याख्या मला अभ्यासिकेत सापडली नव्हती.

त्याच महाराष्ट्राच्या अनुभवातून पुढे २००५ चा राष्ट्रीय कायदा झाला. त्यानुसार तेव्हा वर्षाला शंभर दिवसांची हमी केंद्राची होती आणि त्यापुढची जबाबदारी आपल्या जुन्या कायद्यानुसार राज्याची होती. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता, ठेकेदाराला मज्जाव, आणि झालेल्या कामाचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचे, अशा त्यात तरतुदी होत्या. हे सगळे परीक्षेत एकेका गुणाचे प्रश्न म्हणून मी सोडवलेले होते. २०२१ च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीमुळे पुण्या-मुंबईहून परतलेली माणसे गावात बसून होती आणि कामे मात्र निघत नव्हती, तेव्हा मी ग्रामरोजगार सेवकाला विचारले. तो म्हणाला, "दादा, मागणीच नाही." आणि ते कागदोपत्री खरे होते. काम पाहिजे असे सगळे म्हणत होते, पण तसे लिहून कोणीच दिले नव्हते, कारण लिहून द्यावे लागते हेच कोणाला माहीत नव्हते.

परीक्षेची तयारी सोडून आलेले आम्ही पाच जण होतो. आम्ही नमुना ४ च्या, म्हणजे काम मागण्याच्या अर्जाच्या, झेरॉक्स काढल्या आणि पारावर बसून तीन संध्याकाळी अर्ज भरले. पहिल्या संध्याकाळी सहा अर्ज झाले. दुसऱ्या संध्याकाळी एक मावशी जॉबकार्ड घेऊन आल्या. ते कार्ड नऊ वर्षांपूर्वीचे होते आणि त्यावर एकाही दिवसाची नोंद नव्हती. त्यांनी विचारले, "हे दिल्यावर आम्हाला कोणी काढून तर लावणार नाही ना?" मी त्यांना अर्जाची तारखेसह पावती मिळते आणि ती आपला हक्क असते हे समजावून सांगत होतो, तेव्हा माझ्या लक्षात आले की गेली सहा वर्षे मी नेमकी याच कामाची तयारी करत होतो. कायदा वाचणे, अर्जातला रकाना न चुकणे, तारीख लक्षात ठेवणे आणि साहेबापुढे न घाबरता उभे राहणे, एवढेच तर मला शिकवले गेले होते. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत एकशे बारा अर्ज झाले. पावत्या द्यायला सुरुवातीला टाळाटाळ झाली. आम्ही भांडलो नाही, फक्त पावती मिळेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. कामे निघाली, त्यात आजीच्या तलावाचा गाळही निघाला. रोज होता २४८ रुपये. तो बाजारातल्या मजुरीपेक्षा कमीच होता आणि मजुरी खात्यावर यायला पंधरा दिवसांऐवजी दीड महिना लागला, तेव्हा त्याच मावशींनी मला रस्त्यात अडवून जाब विचारला. जाब विचारण्याचा त्यांचा अधिकार होता. मी त्यांना घेऊन पंचायत समितीत गेलो.

अशा कामातून त्या पाच जणांना स्वतःला काय मिळाले, हा प्रश्न टाळता येणार नाही. रोजगार मिळाला नाही. दोघे सहा महिन्यांत चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामावर गेले, एकाने पिकअप गाडी घेतली, एक पुन्हा अभ्यासाला लागला. मी दुकान चालवतो. नागरिकाची जबाबदारी पार पाडली की नोकरी मिळते असे सांगणारा माणूस खोटे बोलत असतो आणि तरुणांशी तरी असे खोटे बोलू नये. पण गावात काम टिकून राहते ते कुठे, हे शोधत गेले की रस्ता पुन्हा ग्रामसभेकडेच येतो. हिवरे बाजारचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. एम. कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना १९८९ मध्ये तिथल्या तरुणांनी बिनविरोध सरपंच केले. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावाने रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे केली आणि शहरात गेलेली कुटुंबे परत आली. हे आपण एका माणसाच्या कर्तृत्वाची कथा म्हणून सांगतो आणि सोडून देतो. मला त्यातला सर्वांत कंटाळवाणा वाटणारा भागच मोलाचा वाटतो: दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची व कोणती नाहीत हे ठरते. ऊस आणि केळी यांना तिथे मनाई आहे. स्वतःच्या रानात ऊस लावण्याचा हात आखडता घेणे, हे शेतकऱ्याला किती जड जाते ते शेतकऱ्याच्या घरातल्यालाच कळेल.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाचे तर त्याहून वेगळे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतला, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत पाळली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जंगल तेच, बांबूही तोच आणि तोडणारे हातही बरेचसे तेच, पण विक्री कोण करणार आणि मजुरी कोण ठरवणार हे बदलले. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा मी निबंधाच्या शेवटी वापरण्यासाठी वहीत उतरवून ठेवली होती. तिचा अर्थ कळायला मला गावी यावे लागले. हेही मान्य केले पाहिजे की मेंढ्याला जंगल होते आणि आमच्या गावाला ओसाड गायरान आहे. प्रत्येक गावाला बांबू सापडत नाही.

आमच्या गावाला सापडले ते एवढेच: दोन वर्षे रविवारी सकाळी आम्ही घरोघर फिरून पट्टी भरण्याची विनंती केली, वसुली तीसवरून साठ टक्क्यांच्या पुढे गेली, आणि माझ्या वर्गमित्राचा थकलेला पगार तीन हप्त्यांत मिळाला. त्याच्या हाताखाली वॉल्व्ह आणि गळती पाहायला अर्धवेळ एक पोरगा ठेवण्याचा ठराव गेल्या वर्षी झाला. अख्ख्या गावाच्या खटपटीतून एक पूर्ण आणि एक अर्धी नोकरी. अठरा लाख अर्जांपुढे हा आकडा सांगताना माझा आवाज खाली जात नाही, कारण त्या अर्ध्या नोकरीवरचा पोरगा कोण आहे आणि त्याच्या घरी काय शिजते हे मला माहीत आहे.

माझा चुलतभाऊ सध्या पुण्यात, मी बसायचो त्याच गल्लीत, तयारी करतो आहे. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला होता म्हणून १ मेच्या ग्रामसभेला मी त्याला सोबत नेले. शिपाई नेहमीप्रमाणे रजिस्टर घेऊन गल्लीकडे निघाला तेव्हा हा पोरगा बोटाने माणसे मोजत होता. दोनदा मोजून तो उभा राहिला आणि म्हणाला, "सत्याऐंशी आहेत. तेरा कमी आहेत. सह्या नकोत, माणसं आणू." कोणी हसले, कोणी उन्हाच्या नावाने कुरकुर केली, सरपंचबाई क्षणभर ग्रामसेवकाकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनीच शिपायाला परत बोलावले. आम्ही सहा-सात जण उठलो आणि खालच्या आळीत शिरलो. कोणी जेवायला बसले होते, कोणी गोठ्यात होते. त्या मावशी अंगणात ज्वारी पाखडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवले आणि शेजारणीला हाक मारली. साडेअकराला पुन्हा मोजणी झाली तेव्हा सभामंडपात एकशे चार जण होते, त्यात एकोणतीस बाया. ग्रामसेवकांनी चष्मा पुसला आणि विषयपत्रिकेवरचा पहिला विषय वाचायला घेतला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.